‘सिस्टर, आमच्याकडे घरी नारिंगी टोपणाची सुई असते’ – औषध देतानाच्या चुका तुमच्या वॉर्डात कुठे अडतात?

रात्रपाळी_ठाणे

घोडबंदर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ मेडिसिन वॉर्डात गेली. गेल्या आठवड्यात नाइटला एक गोष्ट घडता घडता राहिली. तेव्हापासून घरी आल्यावर डोळा लागत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पायाच्या जखमेसाठी दाखल झालेले एक काका. रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिन २० युनिट अशी ऑर्डर. आमच्या वॉर्डाच्या फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) ४० च्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. सिरिंजही ४० च्याच, लाल टोपणाच्या. त्या दिवशी ग्लार्जिन स्टॉकला नव्हतं, म्हणून काकांच्या मुलाने बाहेरून आणून दिलं होतं. मी व्हायल हातात घेतली, नाव वाचलं, एक्स्पायरी वाचली, सवयीने लाल टोपणाची सिरिंज फोडली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. काकांचा शर्ट वर केला, पोटाला स्पिरिट लावलं. तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या काकू म्हणाल्या, “सिस्टर, आमच्याकडे घरी नारिंगी टोपणाची सुई असते. ही वेगळी आहे का?”

मी व्हायल परत हातात घेतली. १०० युनिट प्रति मिली.

४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. १०० च्या व्हायलमधलं अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास. ग्लार्जिन जवळजवळ दिवसभर अंगात काम करत राहतं, आणि काका त्या रात्री दोन घास खाऊन आडवे झाले होते. पहाटे साखर उतरली असती तर राउंडला गेल्यावर ‘गाढ झोपलेत’ असंच वाटलं असतं मला.

सिरिंज टाकून दिली, १०० ची मागवली, पुन्हा भरली, शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून दाखवली आणि मग दिली. काका व्यवस्थित आहेत.

काकूंनी विचारलं त्या क्षणी माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं: “काकू, आम्हाला माहीत असतं.” ते रोजचं वाक्य आहे. दिवसातून किती वेळा म्हणते त्याचा हिशेब नाही. त्या रात्री ते तोंडून गेलं असतं तर पुढच्या सेकंदाला सुई टोचून झाली असती. झोप त्या वाक्यानेच उडवली आहे.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्याकडे अशी चूक कुठे अडते, कोण अडवतं? आणि दुसरं, मी अजून इन्चार्ज सिस्टरना सांगितलेलं नाही. रुग्णाला काही झालेलं नाही, काकूंनाही पूर्ण कळलेलं नाही. सांगू का?

---

निवृत्त_मेट्रन

सांग. पुढचं नंतर वाच, आधी ठरव की सांगायचं.

मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, आता कळव्याला असते. मी इन्चार्ज असताना पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल वॉर्डाच्या ट्रॉलीत, सरळ डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्या खणात असायच्या. दोन्ही दहा मिलीच्या, दोन्ही पाण्यासारख्या पारदर्शक. एका संध्याकाळी माझ्या हाताखालच्या सिस्टरने अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला अँप्युल फोडली. ती व्हायल हलवत होती आणि मी ट्रेमधली रिकामी अँप्युल उचलली, तेव्हा कळलं की ती पोटॅशियमची आहे. त्या दहा मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. सलाइनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं औषध ते. सिरिंजने थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं.

ती पोरगी थरथर कापत होती. मुलगी हुशार, कामाला चोख, आणि त्या दिवशी सकाळपासून सलग दुसरी ड्यूटी करत होती. मी तिला ओरडून काय मिळवलं असतं? दोन अँप्युल एका खणात ठेवणारी मी होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोटॅशियमच्या अँप्युल उचलून फार्मसीच्या कपाटात ठेवायला लावल्या. लागेल तेव्हा इंडेंट करायचं, नाव-मात्रा लिहून आणायचं. डॉक्टर चिडले, रात्री धावाधाव होते म्हणाले. महिन्याभरात सगळ्यांना सवय झाली.

पण हे होऊ शकलं ते मला कळलं म्हणून. तिने अँप्युल गुपचूप डब्यात टाकली असती तर तो खण तसाच राहिला असता. तुमच्या फ्रीजचंही तेच आहे. तू गप्प बसलीस तर पुढच्या वेळी बाहेरून आलेली १०० ची व्हायल दुसऱ्या कुणाच्या हातात येईल, आणि तेव्हा स्टुलावर काकू असतीलच असं नाही.

---

कोपरीकर

मी नर्स नाही, रुग्णाचा मुलगा आहे. हे सगळं वाचून सहानुभूती वाटते, पण रागही येतो. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच पेशंटची बीपीची गोळी दिली गेली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. खोलीत दोन पाटील होते. सिस्टर दारातून म्हणाली, “पाटील ना?” बाबांना कमी ऐकू येतं, त्यांनी मान हलवली. गोळी पोटात गेली. संध्याकाळी बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडले, खुब्याला मार बसला. त्यानंतर आम्ही विचारत राहिलो, आणि उत्तर एकच मिळालं, “त्यांनीच हो म्हटलं.”

नाव विचारायला किती वेळ लागतो? हातात फोन घेऊन फिरणाऱ्या सिस्टर मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

---

रात्रपाळी_ठाणे

@कोपरीकर, तुमच्या बाबांच्या बाबतीत जे झालं ते चूकच आहे, आणि त्यानंतरचं उत्तर तर त्याहून वाईट. मी त्या सिस्टरची बाजू घेणार नाही.

नाव विचारण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. “पाटीलकाका ना?” असं विचारलं की माणूस मान डोलावतोच. ऐकू न आल्यामुळे डोलावतो, गुंगीत डोलावतो, सिस्टरला त्रास नको म्हणूनही डोलावतो. “काका, तुमचं पूर्ण नाव सांगा” म्हटलं की त्यांना सांगावं लागतं. मग मनगटावरच्या पट्टीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक केसपेपरशी जुळवायचा. आपल्या भागात तर हे फारच जरुरीचं आहे, एका वॉर्डात तीन पाटील, दोन म्हात्रे, एक भोईर असतातच. खाट नंबरावर तर मुळीच विसंबायचं नाही. पंख्याखाली जागा मिळाली म्हणून नातेवाईक आपापसात खाटा बदलतात, आम्हाला सकाळी कळतं.

फोनबद्दल एवढंच सांगते की तो बहुतेक वेळा वॉर्डाचा फोन असतो. लॅबचा, ऑपरेशन थिएटरचा, आरएमओंचा म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा. रात्री अठ्ठावीस पेशंटला आम्ही दोघी असतो. यामुळे तुमच्या बाबांचं दुखणं कमी होत नाही, मला माहीत आहे.

---

शिकवते_नेरुळ

फोनचा मुद्दा आलाच आहे तर त्यावर थोडं सविस्तर लिहिते. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते.

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ नर्स औषधं देत असताना त्यांच्यामागे उभं राहून नोंदी घेतल्या गेल्या. ४००० हून जास्त वेळा दिलेली औषधं पाहिली. २०१० साली तो अभ्यास छापून आला. निष्कर्ष असा की औषध देताना नर्सला मध्येच थांबवलं, काही विचारलं, हाक मारली, तर दर अडथळ्यामागे चुकीची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढत गेली. जितके अडथळे जास्त, तितकी चूक जास्त गंभीर.

आता आपला वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. सकाळी आठची औषधं. ट्रॉली घेऊन सिस्टर निघाली. तीन नंबरचे नातेवाईक डिस्चार्जचं विचारतात, मावशी चादरींचं विचारतात, डॉक्टर राउंडला येऊन म्हणतात “फाइल द्या”, बिलिंगचा माणूस येतो. प्रत्येक वेळी ती जिथे होती तिथून पुढे सुरू करते, आणि ‘जिथे होती’ ते तिला नीट आठवत नसतं. मी विद्यार्थिनींना सांगते, मध्ये कुणी बोलावलं तर त्या पेशंटचं औषध पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. वेळ जातो, जाऊ दे. काही ठिकाणी औषधाच्या वेळी सिस्टर ‘बोलू नका, औषध देत आहे’ असं लिहिलेला एप्रन घालतात. आमच्या एका प्रॅक्टिकलच्या हॉस्पिटलात करून पाहिलं. नातेवाईक पहिल्या दिवसापासून ऐकायला लागले. डॉक्टरांना दोन आठवडे लागले.

आणि डबल चेकबद्दल. “हे २० युनिट आहे ना गं?” असं विचारून दुसरीला दाखवणं म्हणजे डबल चेक नव्हे. दुसरी ‘हो’ म्हणणारच. तिला ऑर्डर द्या, व्हायल द्या, सिरिंज द्या आणि विचारा, “यात किती आहे?” तिने स्वतः हिशेब करून आकडा सांगायला हवा. इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम, मॉर्फिनसारखी औषधं, केमो आणि लहान मुलांचं जवळपास सगळं, एवढ्यांना तरी हे हवंच. हेपरिनच्या पाच मिलीच्या व्हायलचं उदाहरण घ्या. एका मिलीत १००० युनिटवाली मिळते आणि ५००० वालीही मिळते. व्हायल तेवढीच, पाचपट फरक.

---

औषध_दुकान_वाशी

फार्मासिस्ट आहे, अकरा वर्षं हॉस्पिटल फार्मसीत होतो, आता स्वतःचं दुकान आहे.

सिस्टर, ग्लार्जिनच्या बाबतीत दोष पूर्ण तुमचा नाही. ते ४० मध्येही मिळतं आणि १०० मध्येही. दुकानात मुलगा चिठ्ठी घेऊन येतो, चिठ्ठीवर नाव असतं, ताकद नसते, काउंटरवरचा पोऱ्या जे हाताला लागेल ते देतो. मी माझ्याकडे नियम केला आहे की इन्सुलिनची व्हायल सिरिंजशिवाय विकायची नाही. १०० ची व्हायल घेतली तर नारिंगी टोपण, ४० ची घेतली तर लाल. गिऱ्हाईक म्हणतं घरी आहेत सुया. मी म्हणतो, मग घरची एक आणून दाखवा. उलटी चूकही तितकीच होते. ४० ची व्हायल आणि १०० ची सिरिंज घेतली तर २० च्या रेघेला फक्त ८ युनिट जातात, मग साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात.

दुसरी गोष्ट कापलेल्या स्ट्रिपची. आपण चार गोळ्या कापून देतो आणि नाव, बॅच, एक्स्पायरी छापलेला भाग आपल्याकडेच राहतो. वॉर्डात अशा बिनानावाच्या गोळ्यांचा डबा असतो, मी पाहिलेला आहे. सिस्टर रंगावरून ओळखतात. रंगावरून औषध ओळखू नका, हात जोडून सांगतो. कंपनी बदलली की रंग बदलतो. कापायचीच असेल तर नावाचा भाग शेवटपर्यंत जपायचा आणि उलट्या टोकाकडून कापायची.

ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. मोबाइलने स्कॅन केलं की औषधाचं मूळ नाव, बॅच, एक्स्पायरी दिसते. पेशंट घरून पिशवी भरून गोळ्या आणतो तेव्हा हे उपयोगी पडतं.

---

पहिलं_वर्ष

मॅडम, मी स्टुडंट आहे, जीएनएम फर्स्ट इयर. मला एक विचारायचं आहे. पोस्टिंगला असताना एका सीनियर सिस्टरने राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायला सगळ्या गोळ्या एकत्र कुटल्या. त्यातली एक एसआर होती, वर्गात शिकवलं होतं की ती कुटायची नसते. मी बोलले नाही. मला वाटलं माझंच चुकत असेल. नंतर रूमवर येऊन पुस्तक बघितलं तर माझं बरोबर होतं. आता पेशंटला भेटायला पण भीती वाटते. असं झालं तर काय बोलायचं असतं?

---

शिकवते_नेरुळ

बेटा, तुझं बरोबर होतं. एसआर म्हणजे दिवसभर थोडं थोडं सुटावं म्हणून बनवलेली गोळी. कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. बीपीची असेल तर बीपी खाली येतं. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्यांचंही तसंच, कुटून उपयोग नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून साधी गोळी किंवा सिरप लिहून घ्यायचं.

उद्या जाऊन त्या पेशंटचं बीपी, नाडी बघ, नोंद वाच. भीती कमी होईल. आणि तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला सांग, सीनियरची तक्रार म्हणून नको, ‘ही गोळी ट्यूबमधून देतात का’ एवढं विचार.

बोलायचं कसं, तर प्रश्न विचारायचा. “सिस्टर, मला शिकायचंय, ही एसआर आहे ना, ही कुटलेली चालते का?” यात कुणाचा अपमान नाही. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा सरळ: “सिस्टर, मला काळजी वाटतेय, द्यायच्या आधी एकदा डॉक्टरांना विचारू या का?” तिसऱ्यांदा ट्रे हातात धरून थांबायचं आणि इन्चार्जना बोलवायचं. पहिल्या वर्षाच्या मुलीला हे जड जातं, मला माहीत आहे. म्हणून आम्ही वर्गात दोघी-दोघींना समोरासमोर उभं करून ही वाक्यं म्हणून घेतो. तोंडाला वळण असलं की वेळेवर शब्द फुटतात.

---

निवृत्त_मेट्रन

@पहिलं_वर्ष, तुझ्या प्रश्नावर चिडणारी सीनियर भेटेल. तरी विचार. मी चिडले आहे अशा मुलींवर, आणि घरी गेल्यावर त्यांच्याच नावाने देवापुढे दिवा लावला आहे.

---

ऐरोली_आरएमओ

डॉक्टरांच्या बाजूने लिहितो, कारण निम्म्या चुका आमच्या पेनातून आणि फोनमधून निघतात.

वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ साली दुरुस्ती होऊन स्पष्ट लिहिलं गेलं की औषध मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. मी रोज अशी ड्रग शीट बघतो जिचा लेखक मी असूनही मला वाचता येत नाही. युनिटसाठी नुसता ‘यू’ काढला की तो शून्यासारखा दिसतो, १० चे १०० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर ०.५, दशांशाच्या आधीचं शून्य हवंच. आणि पाच लिहायचे तर नुसते ५. ५.० लिहिलं आणि टिंब फिकट पडलं की ते ५० होतं.

फोनवरच्या ऑर्डरचं तर विचारूच नका. रात्री तीनला झोपेतून उठून मी सांगितलं ‘पंधरा’, समोर ऐकू आलं ‘पन्नास’. इंग्रजीतही फिफ्टीन-फिफ्टीचं तेच. आमच्याकडच्या बऱ्याच सिस्टर केरळच्या आहेत, त्यांना मराठी आकडे पटकन कळत नाहीत, आणि त्या संकोचाने परत विचारत नाहीत. आता मी आकडा तोडून सांगतो, ‘एक-पाच, वन-फाइव्ह’. सिस्टर लिहून घेतात आणि मला वाचून दाखवतात: पेशंटचं नाव, औषध, मात्रा, मार्ग. मी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. सकाळी येऊन सही मी करतो. डोपामिन आणि डोब्युटामिनसारखी कानाला सारखी वाटणारी नावं असतील तर मी स्पेलिंग सांगतो. सुरुवातीला बावळटपणा वाटला. एकदा वाचून दाखवताना माझीच चूक माझ्या कानावर आली, पेशंट दुसराच होता. त्यानंतर वाटेनासं झालं.

सिस्टर लोकांना विनंती: अक्षर लागलं नाही तर अंदाज करू नका. मला उठवा. मी वैतागलो तरी उठवा.

---

लेकीची_आई

मी मानपाड्याला राहते, हा धागा नर्स मंडळींचा आहे तरी लिहिते. माझी मुलगी वर्षाची असताना ताप आला. हॉस्पिटलातून निघताना सिस्टर म्हणाल्या, “पॅरासिटॅमॉल सहा मिली, सहा-सहा तासांनी.” घरी आधीची एक बाटली होती, ड्रॉप्सची. तीही पॅरासिटॅमॉलच. मी सहा मिली मोजत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा बाटलीतलं एवढं कसं द्यायचं? म्हणून फोन केला. ड्रॉप्स फार तीव्र असतात हे तेव्हा कळलं. कुणी समजावून सांगेल का, इतर आयांना उपयोग होईल.

---

औषध_दुकान_वाशी

सासूबाईंना नमस्कार सांगा.

पॅरासिटॅमॉल लहान मुलांसाठी साधारण तीन प्रकारांत मिळतं. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम. सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा पाच मिलीत २५०. मात्रा ठरते वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागतं. ते ड्रॉप्सचं दीड मिली होतं, १२० च्या सिरपचं सव्वा सहा मिली, २५० च्या सिरपचं तीन मिली. तुमच्या सिस्टरांच्या डोक्यात १२० चं सिरप होतं. ड्रॉप्सचं सहा मिली म्हणजे ६०० मिलिग्रॅम, चौपट, आणि तेही दर सहा तासांनी. यकृतावर जातं ते.

म्हणून नुसतं ‘सहा मिली’ कधी सांगू नये, ‘चमचाभर’ तर नाहीच. कुठली बाटली, तिच्यावर काय छापलंय, किती मिली, हे कागदावर लिहून द्यावं आणि बाटलीसोबतच्या मापानेच मोजायला सांगावं. घरातल्या चमच्यांचं माप एक नसतं.

---

फ्लोअर_ब्रदर

सगळं पटतंय, पण ‘सांग’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. आमच्याकडे सांगितलं की मेमो, एक्स्प्लनेशन लेटर, आणि पुढच्या इन्क्रिमेंटला ती फाइल बाहेर निघते. अमेरिकेतली ती केस आठवते ना? डिसेंबर २०१७, टेनेसी. स्कॅनच्या आधी बाईंना भीती कमी करायला मिडॅझोलॅम द्यायचं होतं. नर्सने औषधाच्या मशीनमध्ये ब्रँडनावाची, ‘व्हर्सेड’ची, पहिली दोन इंग्रजी अक्षरं टाकली आणि निघालं व्हेक्युरोनियम. श्वासाचे स्नायूही लुळे पाडणारं औषध. पेशंट गेली. नर्सने चूक स्वतः कबूल केली होती. मार्च २०२२ मध्ये कोर्टाने तिला गुन्हेगार ठरवलं, मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशन झाली. हे वाचल्यावर कोण स्वतःहून सांगेल?

---

शिकवते_नेरुळ

तुमची भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पण त्या केसमध्ये शिकण्यासारखं फार आहे. मिडॅझोलॅम पातळ असतं, व्हेक्युरोनियम पावडर असते, पाणी घालून विरघळवावं लागतं. व्हायलच्या झाकणावर इशारा छापलेला होता. म्हणजे थांबायच्या जागा होत्या. आणि त्याच वेळी मशीनचा अडसर बाजूला सारून औषध काढणं तिथे रोजचं झालेलं होतं, हेही खटल्यात पुढे आलं. दोन्ही खरं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली बॉनमध्ये औषधांच्या चुकांवर जगभराची मोहीम सुरू केली, पाच वर्षांत गंभीर हानी निम्म्यावर आणायची म्हणून. १७ सप्टेंबरचा रुग्ण सुरक्षा दिनही २०२२ मध्ये याच विषयाला दिला होता. त्या मोहिमेचे तीन शब्द आहेत: जाणा, तपासा, विचारा. पहिल्या दोन शब्दांवर आपण परीक्षा घेतो, तिसऱ्यावर मेमो देतो. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन घेतलेल्या हॉस्पिटलांत अशा घटना आणि थोडक्यात टळलेल्या चुका नोंदवण्याची पद्धत असावीच लागते. तुमच्या हॉस्पिटलकडे मानांकन असेल तर क्वालिटी विभागात फॉर्म मिळेल, बहुतेक ठिकाणी नाव न लिहिताही देता येतो. औषधाचा दुष्परिणाम झाला असेल तर देशपातळीवर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवता येतं.

---

तुर्भे_सिस्टर

एक छोटं, दाखल करून घेतानाचं. सांधेदुखीच्या एका आजोबांची घरची औषधं डॉक्टरांनी शीटवर उतरवली आणि मेथोट्रेक्सेट रोज एक असं झालं. मी आजींना विचारलं तर म्हणाल्या, “छे, ती फक्त रविवारी.” हे औषध सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच असतं, रोज गेलं तर रक्तपेशी कमी होऊन जीव जाऊ शकतो. तेव्हापासून शीटवर मी वार लिहून घेते आणि बाकीच्या सहा दिवसांच्या चौकोनांवर काट मारते. घरच्या औषधांसाठी नुसती जुनी चिठ्ठी बघू नका, पिशवी मागवा आणि गोळ्या कोण देतं त्या माणसाला विचारा. आपल्याकडे ती बहुतेक वेळा घरातली बाई असते.

---

कोपरीकर

@तुर्भे_सिस्टर, आमच्याकडे आईला कुणी काही विचारलंच नाही. तिला बाबांच्या गोळ्या आकारासकट पाठ आहेत. त्या दिवशी ती तिथेच बसली होती.

---

रात्रपाळी_ठाणे

चार दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

परवा सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर इन्चार्ज सिस्टरना बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चल, फ्रीज बघू.” फ्रीजमध्ये बाहेरून आणलेल्या आणखी दोन १०० च्या व्हायल निघाल्या, ४० च्या ट्रेमध्येच. दोघींना तिथेच घाम फुटला.

आता बाहेरून आलेलं कुठलंही औषध आधी फार्मसीत जाणार, तिथे ताकदीचं मोठं लेबल लागून मगच वॉर्डात येणार. १०० च्या व्हायल वरच्या खणात वेगळ्या डब्यात, आणि प्रत्येक व्हायल तिच्या नारिंगी सिरिंजबरोबर एकाच पिशवीत. रात्री इन्सुलिनसाठी दुसरी सिस्टर आकडा स्वतः मोजून सांगणार. हे शेवटचं किती टिकेल याची मला शंका आहे. दोघींपैकी एक आयसीयूला पेशंट सोडायला गेली की मी एकटी असते. तसं लेखी दिलं आहे, उत्तर यायचं आहे. @फ्लोअर_ब्रदर, मेमो अजून आलेला नाही. आला तरी इथे लिहीन.

क्वालिटीचा फॉर्म भरला. त्यात एक ओळ आहे, ‘चूक कोणाच्या लक्षात आली’. पुढे चौकोन: डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि बाजूला लिहिलं: रुग्णाची पत्नी.

काकांना काल डिस्चार्ज मिळाला. काकूंना मी सगळं सांगितलं, ५० युनिटसकट. त्यांना रडू आलं, मलाही. जाताना त्यांनी पिशवीतून इन्सुलिनची वही काढली. रोजचा आकडा, वेळ, पोटाची कुठली बाजू, सगळं तारखेनिशी पेनाने लिहिलेलं. सहा वर्षांच्या वह्या घरी आहेत म्हणाल्या. दाखल करताना ती वही आमच्यापैकी कुणीच मागितली नव्हती.